जपानी व्होडकातला तांदूळ

मोठ्या शहरांतल्या जपानी रेस्टॉरंटच्या बारमध्ये साके आणि शोचूच्या बाटल्यांशेजारी आता तांदळाची व्होडकाही मांडलेली दिसते. त्यातली सर्वांत परिचित म्हणजे सनटोरी कंपनीने २०१७ मध्ये बाजारात आणलेली ‘हाकू’. क्योतोच्या ताकारा शुझो या जुन्या मद्य कंपनीची ‘किस्सुई’ हीदेखील तांदूळ वापरून केलेली. हाकूची ओळख करून देताना तीन गोष्टी आवर्जून सांगितल्या जातात: शंभर टक्के जपानी पांढरा तांदूळ, कोजी नावाची बुरशी आणि बांबूचा कोळसा. चव मऊ, किंचित गोडसर, असे वर्णन त्यामागोमाग येते. इथे चोखंदळ ग्राहकाला एक प्रश्न पडायला हवा. ज्या मद्यात मूळ कच्चा माल ओळखू न येणे हेच कसब मानले जाते, ते म्हणजे व्होडका. मग ती तांदळाच्या नावाने विकण्यात अर्थ काय? माझे म्हणणे असे की अर्थ आहे, पण तो तांदळाच्या दाण्यात फार थोडा आहे. पिणारा ज्या मऊपणाचे पैसे मोजतो, तो बुरशी, भट्टी आणि कोळसा यांनी, म्हणजे बनवणाऱ्यांनी टप्प्याटप्प्याला घेतलेल्या निर्णयांनी घडतो. तांदूळ त्या निर्णयांना वाव देतो, एवढेच त्याचे श्रेय.

विरुद्ध बाजू आधी नीट मांडू, कारण ती भक्कम आहे. मद्यातला नशा आणणारा घटक म्हणजे इथेनॉल. तो गव्हातून आला काय, बटाट्यातून आला काय किंवा तांदळातून, त्याचा रेणू एकच. उंच स्तंभाच्या भट्टीत ऊर्ध्वपातन करून अल्कोहोलचे प्रमाण ९५-९६ टक्क्यांपर्यंत नेले की धान्याचा गंध, आंबवताना तयार झालेली जड अल्कोहोले, एस्टर, अल्डिहाइड हे सारे जवळजवळ मागे राहते. साध्या ऊर्ध्वपातनाने याच्या फार पुढे जाताही येत नाही, कारण सुमारे ९७ टक्क्यांना पाणी आणि इथेनॉल एकत्रच उकळू लागतात. त्यानंतर त्यात पाणी घालून ते ४० टक्क्यांवर आणले जाते. म्हणजे व्होडकाच्या बाटलीत निम्म्याहून जास्त पाणी, उरलेले जवळजवळ शुद्ध इथेनॉल आणि बाकी सगळे अत्यल्प. अमेरिकेच्या नियमांत तर व्होडकाला वेगळा स्वभाव, वास, चव किंवा रंग नसावा असे कित्येक वर्षे लिहिलेलेच होते. यावरून आक्षेप घेणारा म्हणतो की तांदळाची व्होडका हा जाहिरातीचा खेळ आहे, डोळे बांधून चाखायला दिली तर कुणाला फरक कळणार नाही.

हा आक्षेप रसायनशास्त्राच्या ढोबळ हिशेबात बरोबर आहे, बारीक हिशेबात अपुरा आहे. नाकाला आणि जिभेला काही द्रव्ये दहा लाख भागांत एखादा भाग असली तरी जाणवतात. त्यामुळे ‘अत्यल्प’ म्हणजे ‘नगण्य’ असे गृहीत धरता येत नाही. युरोपीय संघाच्या २०१९ च्या मद्य नियमावलीची भाषा या बाबतीत बोलकी आहे. व्होडकात कच्च्या मालाचे आणि आंबवणीतल्या उपपदार्थांचे गुण निवडकपणे कमी केलेले असावेत, असे ती म्हणते. ते पूर्ण नाहीसे करावेत असे म्हणत नाही. शिवाय नंतर पुन्हा ऊर्ध्वपातन करून किंवा सक्रिय कोळसा वापरून व्होडकाला खास चव-गंध देण्याची मुभाही ती देते. अमेरिकेनेही २०२० मध्ये आपल्या व्याख्येतून ‘वेगळा स्वभाव नसलेली’ ही अट काढून टाकली, कारण बाजारातल्या व्होडका प्रत्यक्षात एकसारख्या नाहीत हे नियामकांनीच मान्य केले. २०१० मध्ये सिनसिनाटी विद्यापीठ आणि मॉस्को राज्य विद्यापीठ इथल्या संशोधकांनी वेगवेगळ्या व्होडकांमध्ये पाणी आणि इथेनॉल यांच्यातले हायड्रोजन बंध सारखे नसतात असे दाखवले. मात्र या अभ्यासावर फार मोठी इमारत उभी करू नये. त्याने रेणूंच्या मांडणीतला फरक मोजला; तोच फरक जिभेला कळतो हे त्यातून सिद्ध होत नाही. आपल्याला इथे इतकेच पुरे आहे की दोन व्होडकांत फरक असू शकतो. तो येतो कुठून, हा खरा प्रश्न.

पहिला टप्पा बुरशीचा. यीस्टला साखर लागते, स्टार्च थेट आंबवता येत नाही. द्राक्षात साखर तयारच असते. धान्यात मात्र स्टार्चची साखर करणारे कुणीतरी लागते. युरोपात हे काम मोड आणलेले सातू म्हणजे माल्ट करते. पॉलिश केलेल्या पांढऱ्या तांदळाला मोड येत नाहीत, कारण त्याचा अंकुरच निघून गेलेला असतो. पूर्व आशियाने त्यावर बुरशीचा उपाय शोधला. वाफवलेल्या तांदळावर कोजीचे बीजाणू पसरतात, उबदार आणि दमट खोलीत सुमारे दोन दिवस तो भात हाताने उलटापालटा करत ठेवतात आणि दाण्यावर पांढरी लव चढते. ही बुरशी स्टार्च तोडणारी एन्झाइम्स सोडते. मग त्यात पाणी, यीस्ट आणि आणखी वाफवलेला तांदूळ घातला की साखर होण्याचे आणि ती आंबण्याचे काम एकाच पिंपात, एकाच वेळी चालू राहते. साखर हळूहळू सुटते, म्हणून यीस्ट गुदमरत नाही. याच पद्धतीने साकेची आंबवण, ऊर्ध्वपातन न करताही, २० टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल गाठू शकते. क्यूशू बेटाच्या उष्ण हवेत आंबवण नासू नये म्हणून सायट्रिक आम्ल तयार करणाऱ्या काळ्या आणि पांढऱ्या कोजीचा शोचू या ऊर्ध्वपातित जपानी मद्यासाठी उपयोग होतो. पांढरी कोजी गेनइचिरो कावाची यांनी १९२० च्या दशकात काळ्या कोजीतून वेगळी काढली. जपानमध्ये या बुरशीचा मान इतका की २००६ मध्ये तिथल्या मद्यनिर्मिती शास्त्रसंस्थेने तिला ‘राष्ट्रीय बुरशी’ म्हटले आणि २०२४ च्या डिसेंबरात युनेस्कोने कोजीवर आधारलेल्या पारंपरिक मद्यनिर्मितीला अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले.

या टप्प्यावर भारतीय वाचक एक रास्त शंका काढेल. आपल्याकडच्या अनेक धान्य-डिस्टिलरी तांदळाच्या कणीपासूनच मद्यार्क तयार करतात. महाराष्ट्रात साखर कारखान्यांच्या मळीपासून मोठ्या प्रमाणावर मद्यार्क होत असला, तरी धान्याचा मद्यार्कही आहेच आणि त्यापासून व्होडका बनते. मग आपलीही व्होडका तांदळाचीच झाली! तिला ‘तांदळाची व्होडका’ म्हणून कुणी बारच्या यादीत मिरवत नाही आणि जपानी बाटलीला मात्र अनेक पट पैसे, हे कसे? ही शंका माझ्या म्हणण्याला छेद देत नाही, उलट बळकटी देते. तांदूळ हेच चवीचे कारण असते, तर कणीची व्होडका आणि हाकू यांच्यात फरक उरला नसता. फरक पडतो तो नंतरच्या प्रक्रियेत. कणीच्या मद्यार्कासाठी पीठ शिजवून त्यात कारखान्यात तयार केलेली एन्झाइम्स घालतात आणि मग उंच स्तंभांतून त्याला पूर्णपणे ‘न्यूट्रल’ करतात. व्यवसायातले नावच ‘एक्स्ट्रा न्यूट्रल अल्कोहोल’ असे आहे. तिथे उद्दिष्ट स्वस्त, एकसारखा आणि गंधहीन मद्यार्क हे असते आणि त्या उद्दिष्टाला तो पुरेपूर उतरतो.

तरीही या दोन जगांचे एक नाते आहे आणि ते विज्ञानाच्या इतिहासात नोंदलेले आहे. स्टार्चची साखर करायला कारखाने जे ग्लुकोअमायलेज वापरतात, ते प्रामुख्याने अॅस्परजिलस नायजर या बुरशीपासून मिळवले जाते. ती कोजीच्याच कुळातली. बुरशीतून एन्झाइम वेगळे काढून वापरण्याच्या उद्योगाचा पाया घालणाऱ्यांत जपानी रसायनशास्त्रज्ञ जोकिची ताकामिने यांचे नाव अग्रभागी येते. १८९० मध्ये अमेरिकेत जाऊन त्यांनी इलिनॉयमधल्या पिओरिया इथे माल्टऐवजी कोजी वापरून व्हिस्की करण्याचा प्रयत्न केला. तो तडीस गेला नाही, पण कोजीतून काढलेल्या एन्झाइमचे पेटंट त्यांना १८९४ मध्ये मिळाले. म्हणजे आजच्या धान्य-डिस्टिलरीतला एन्झाइमचा डबा आणि जपानमधल्या कागोशिमातला कोजीचा भात हे एकाच कल्पनेचे दोन अवतार आहेत. फरक असा की शुद्ध एन्झाइम फक्त नेमून दिलेले काम करते, तर जिवंत कोजी त्याबरोबर आम्ले, अमिनो आम्ले आणि सुगंधी द्रव्ये यांचा सबंध संच आंबवणीत आणते. त्यातले किती शेवटच्या बाटलीपर्यंत पोहोचू द्यायचे, हे भट्टीवर ठरते.

भट्टीचे दोन प्रकार आहेत. भांड्याची भट्टी एका वेळी एक घाणा काढते, तिच्यातून आलेल्या अर्कात आंबवणीचा गंध आणि अंग बरेचसे टिकते. आपल्या गोव्यातली फेणीची भाटी याच जातीची. स्तंभाची भट्टी अखंड चालते आणि मजल्यामजल्यावर वाफ पुन्हा पुन्हा निथळवून अर्क शुद्ध करत नेते. सनटोरीने दिलेल्या माहितीनुसार हाकूसाठी कागोशिमात कोजीने आंबवलेल्या तांदळाचे पहिले ऊर्ध्वपातन भांड्याच्या भट्टीत होते. दुसऱ्या वेळी तो अर्क दोन वाटांनी जातो, काही भांड्याच्या आणि काही स्तंभाच्या भट्टीतून. मग ओसाकात या दोहोंचे मिश्रण करून ते बांबूच्या कोळशातून गाळतात. माझ्या मते हाकूच्या चवीचे मर्म इथे आहे. स्तंभाचा अर्क स्वच्छपणा देतो, भांड्याचा अर्क तोंडात भरून येणारा जाडपणा आणि भाताची अस्पष्ट चाहूल देतो. दोहोंचे प्रमाण किती, हा मिश्रण करणाऱ्याचा निर्णय. पांढऱ्या तांदळाचा उपयोग या निर्णयाला मोकळीक देण्यात आहे. पॉलिश करताना दाण्याच्या बाहेरच्या थरांतली चरबी आणि प्रथिने निघून जातात. त्यामुळे तेलकट आणि उग्र उपपदार्थ कमी तयार होतात, आणि भांड्याच्या भट्टीतला अर्क थोडा राखूनही व्होडका खरखरीत होत नाही.

तिसरा टप्पा कोळशाचा. कोळशाच्या असंख्य सूक्ष्म छिद्रांत नको असलेली द्रव्ये चिकटून राहतात, हे सेंट पीटर्सबर्गमध्ये काम करणाऱ्या टोबियास लोवित्झ यांनी १७८५ मध्ये दाखवले आणि रशियातल्या व्होडकाने ते तंत्र लवकरच आपलेसे केले. जपानमध्ये कोळशाला चवीच्या पलीकडचे कायदेशीर महत्त्वही आहे. तिथल्या मद्य-कर कायद्यात शोचूची व्याख्या करताना बर्चच्या कोळशातून गाळलेला अर्क शोचूतून वगळला आहे. मोड आलेले धान्य वापरले तरी तो शोचू राहत नाही. अल्कोहोलचीही मर्यादा आहे: भांड्याच्या भट्टीतली शोचू ४५ टक्क्यांपर्यंत, स्तंभातली ३६ टक्क्यांच्या आत. याचा अर्थ तांदूळ तोच, कोजी तीच, प्रांतही तोच असला, तरी पुढच्या प्रक्रियेवरून एका अर्काला कायदा शोचू म्हणतो आणि दुसऱ्याला वेगळ्या वर्गात टाकतो. मद्याची ओळख धान्यावरून ठरत नाही, प्रक्रियेवरून ठरते, याला याहून स्पष्ट पुरावा शोधायला नको.

आता उलट बाजूने येणारा आक्षेप पाहू. तांदळाचा अर्क काढण्याची जपानची परंपरा इतकी समृद्ध असताना तिची चव पुसून व्होडका करायचीच कशाला? ही परंपरा खरोखर जुनी आहे. पोर्तुगीज कप्तान जॉर्ज आल्व्हारेस १५४६ मध्ये कागोशिमाच्या यामागावा बंदरात होता. तिथले लोक तांदळाचा अर्क पितात, असे त्याने लिहून ठेवले. हा वृत्तान्त त्याने ख्रिस्ती धर्मप्रचारक फ्रान्सिस झेवियरसाठी तयार केला होता. तोच झेवियर १५४९ मध्ये कागोशिमाला उतरला आणि त्याचे पार्थिव आज जुन्या गोव्यात आहे. १५५९ साली कागोशिमातल्या कोरियामा हाचिमान मंदिराची दुरुस्ती करणाऱ्या सुतारांनी एका फळीवर तक्रार लिहिली, की इथला मुख्य पुजारी इतका कंजूष की त्याने एकदाही शोचू पाजली नाही. शोचू या शब्दाची ती सर्वांत जुनी ज्ञात नोंद मानली जाते. कुमामोतोच्या हितोयोशी-कुमा खोऱ्यातली तांदळाची ‘कुमा शोचू’ १९९५ पासून भौगोलिक मानांकनाने संरक्षित आहे. ओकिनावाची आवामोरी तर थायलंडचा लांब दाण्याचा तांदूळ आणि काळी कोजी यांपासून होते आणि वर्षानुवर्षे मडक्यांत मुरवली जाते.

या आक्षेपाला माझे उत्तर सरळ आहे. तांदळाची आणि कोजीची चव अर्कात शोधायची असेल, तर कुमा शोचू किंवा आवामोरी घ्यावी. व्होडकाकडून ती अपेक्षा करू नये. काजूचा गंध हवा असणारा माणूस फेणी मागतो. २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या काजू फेणीचा तो गंध हाच प्राण आहे आणि तो काढून टाकला तर फेणी उरत नाही. व्होडकाचे काम निराळे आहे. बारमध्ये ती लिंबू, फळे, आले, सोडा यांना पाठिंबा देते आणि स्वतः मागे राहते. जपानी बारनी हे काम फार पूर्वीच ओळखले होते. यामागाता प्रांतातल्या साकाता शहरातले बारटेंडर केइइची इयामा यांचे ‘युकिगुनी’ हे कॉकटेल १९५९ मध्ये कोतोबुकिया, म्हणजे आजची सनटोरी, या कंपनीच्या स्पर्धेत विजयी ठरले. व्होडका, संत्र्याच्या सालीचे पांढरे क्युरासाव, लिंबाचा रस, पेल्याच्या कडेला साखर आणि तळाशी हिरवी चेरी, अशी त्याची साधी मांडणी. तिथे व्होडका उग्र असेल तर सगळा तोल जातो. तांदळाच्या व्होडकाचा मऊपणा अशा पेयांत, तसेच साशिमीसारख्या नाजूक जेवणाबरोबर कामाला येतो. तेव्हा ती शोचूची गरीब नक्कल नाही; वेगळ्या गरजेसाठी केलेला वेगळा पदार्थ आहे. उलट गडद सरबते आणि भरपूर साखर असलेल्या पेयात ती घालणे म्हणजे तिच्यावर खर्च केलेले कष्ट आणि आपले पैसे, दोन्ही वाया घालवणे.

रेस्टॉरंटमध्ये आणखी एका बाबतीत सावध राहावे लागते. कॅलिफोर्नियासारख्या अमेरिकी राज्यांत बिअर आणि वाइनचाच परवाना असलेल्या उपाहारगृहांना १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून २४ टक्क्यांपर्यंतची कोरियन सोजू विकता येते. कॅलिफोर्नियात ही सवलत २०२४ पासून शोचूलाही लागू झाली. त्यामुळे अशा ठिकाणी मिळणारी ‘व्होडका’ कॉकटेले पुष्कळदा २४ टक्क्यांच्या तांदूळ-सातूच्या अर्काची असतात. त्यात गैर काही नाही, पण ती ४० टक्क्यांची व्होडका नव्हे. अमेरिकेत व्होडका किमान ४० टक्के, युरोपात ३७.५ टक्के असावी लागते. भारतात बहुतेक बाटल्यांवर ४२.८ टक्के हा आकडा दिसतो. तांदळाचा उल्लेख वाचून ग्राहक हरखतो आणि हा आकडा पाहायचा राहतो. किंमत योग्य आहे का आणि आपण किती पितो आहोत, हे दोन्ही त्या आकड्यावरच कळते.

शेवटचा मुद्दा शुद्धतेचा. तांदळाची व्होडका ग्लुटेनमुक्त, म्हणून आरोग्याला बरी, असे सांगितले जाते. ग्लुटेन हे प्रथिन आहे, ते वाफेबरोबर वर जात नाही. गव्हाच्या नीट ऊर्ध्वपातित अर्कातही ते उतरत नाही. म्हणजे हा गुण तांदळाचा खास नव्हे. शुद्ध व्होडकाने दुसऱ्या दिवशी डोके कमी दुखते, यात तथ्य आहे. ब्राऊन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० मध्ये बर्बन व्हिस्की आणि व्होडका यांची तुलना केली. बर्बनमध्ये उपपदार्थ सदतीस पट होते आणि ती पिणाऱ्यांना सकाळचा त्रास जास्त झाला. पण लक्ष एकाग्र ठेवणे आणि चटकन प्रतिसाद देणे या चाचण्यांत दोन्ही गटांची कामगिरी सारखीच ढासळली होती. शरीराची हानी इथेनॉल करते आणि ते कितीही सुबकपणे गाळले तरी इथेनॉलच राहते. कोळसा उग्रपणा काढतो, नशा काढत नाही. मऊपणामुळे पेला लवकर रिकामा होतो, हा धोका उलट अधिक.

एकंदर निकाल असा देता येईल. तांदळाची जपानी व्होडका ही फसवणूक नाही, पण तिच्या नावात तांदळाला जितके श्रेय मिळते तितके त्याचे नाही. दोन दिवस कोजीचा भात जपणारे हात, दोन भट्ट्यांतल्या अर्कांचे प्रमाण ठरवणारी जीभ आणि कोळसा कुठवर चालू द्यायचा हे ठरवणारा अनुभव, यांचे ते काम आहे. म्हणून बारच्या यादीत हे नाव दिसले, तर कोणत्या धान्याची एवढेच विचारून थांबू नका. ती कोणत्या भट्टीत तयार झाली, कशातून गाळली आणि तिच्यात अल्कोहोल किती टक्के, हे तीन प्रश्न विचारा. उत्तरे समाधानकारक मिळाली तर थोडी, थंड आणि गोड सरबताशिवाय चाखून पाहा. आणि तांदळाची चवच हवी असेल, तर त्याच बारमध्ये शोचू मागा.